वाचक विचारतात : पायांतले रक्त वर कसे चढते?

प्रश्न : अमळनेरला माझे किराणा दुकान आहे आणि बोरी नदीच्या काठी थोडी कापसाची शेती आहे. दुकानात दिवसभर गल्ल्यामागे उभा राहिलो की संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याचा वळ उमटतो आणि आई म्हणते, ‘पाय भरी उनात’. शेतात मात्र दुप्पट दमणूक होऊनही पाय हलके राहतात, याचे कारण काय? हृदय छातीत बसून रक्त खाली ढकलते हे समजते. पण पावलांपर्यंत गेलेले रक्त परत वर कोण ओढून आणते?
– एक दुकानदार, अमळनेर

उत्तर : ओढून आणणारे असे फारसे कोणी नाही. रक्त परत येते ते मागून ढकलले जाते म्हणून, आणि माणूस उभा असताना हृदयाच्या त्या धक्क्याला पोटरीची जोड लागते. ही जोड आपल्याला शेतात मिळते, गल्ल्यामागे मिळत नाही.

मुठीएवढ्या हृदयात शेजारीशेजारी बसवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप रक्त फुप्फुसांकडे पाठवतो आणि तिथून प्राणवायू घेऊन आलेले रक्त डावा पंप साऱ्या शरीराला पुरवतो. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला 70 ठोके धरले, तर हा हिशेब जवळपास 5 लिटरचा होतो, आणि प्रौढ माणसाच्या अंगातले एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. डाव्या पंपाचा जोर मोठा, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे 120 मिलिमीटर दाबाइतका असतो. मात्र रोहिण्या, म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिन्या, फाटे फुटत फुटत केसाहूनही बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचतात, तिथे तांबड्या पेशींना एकामागे एक रांगेने सरकावे लागते आणि रक्ताचा वेग सेकंदाला 1 मिलिमीटरच्याही खाली येतो. पलीकडे नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे परत येणाऱ्या शिरांमध्ये, रक्त उतरते, तेव्हा त्या 120 पैकी जेमतेम 15 मिलिमीटर दाब शिल्लक असतो.

उभ्या माणसात हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो आणि त्याच्या वजनाने घोट्याजवळच्या नीलांतला दाब 90 मिलिमीटरच्या घरात जातो. रोहिण्यांतल्या स्तंभाचे वजनही तेवढेच असल्यामुळे अभिसरण थांबत नाही. वाकड्या नळीत एका बाजूने पाणी ओतत राहिल्यावर ते दुसऱ्या बाजूने वर सरकावे, तसे रक्त हळूहळू सरकत राहते. अडचण नीलांच्या भिंतींची आहे. त्या पातळ आणि ताणल्या जाणाऱ्या असल्यामुळे रक्त तिथे साचते, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि रक्तातला पाण्याचा अंश आजूबाजूच्या मांसात झिरपतो. आपल्या मोज्याचा वळ उठतो तो या झिरपलेल्या पाण्यामुळे.

यावर शरीराने केलेली सोय शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. तापीवरून उपशाने पाणी चढवणाऱ्या पाइपलाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, म्हणजे लाइट गेली तरी वर चढलेले पाणी मागे येत नाही. पायांतल्या नीलांमध्येही अशाच झडपा थोड्याथोड्या अंतरावर असतात आणि त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात. पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू आवळला जातो, त्याच्या आत दडलेल्या नीला पिळल्या जातात, रक्त वरच्या झडपेपलीकडे जाते आणि स्नायू सैल पडल्यावर खालचे रक्त त्या मोकळ्या जागेत शिरते. चार पावले चालताच घोट्याजवळचा तो 90 मिलिमीटरचा दाब 30 च्याही खाली उतरतो. श्वासाचीही थोडी मदत असते : श्वास आत घेताना छातीतला दाब कमी व पोटातला जास्त होतो, त्यामुळे पोटातल्या मोठ्या नीलेतले रक्त वर सरकते, ‘ओढ’ हा आपला शब्द फार तर इथे लागू पडेल.

झडपा स्वतः पाहायच्या असतील तर हात खाली सोडून हाताच्या पुढच्या भागावरची एखादी ठळक शीर निवडावी. मनगटाकडच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने, मधल्या बारीक गाठीच्या पुढेपर्यंत सारत न्यावे. वरचे बोट उचलले तरी गाठीखालची शीर रिकामीच राहते. मनगटाकडचे बोट उचलताच ती खालून टम्म भरते. ती गाठ म्हणजेच झडप. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने 1628 साली छापलेल्या ग्रंथात हा प्रयोग आकृत्यांसह दाखवला आणि रक्त शरीरात फिरून परत येते हे सिद्ध केले. गंमत अशी की या झडपांचे वर्णन त्याचे पादुआचे गुरू फॅब्रिशियस यांनी आधीच केले होते; पण रक्त पायांकडे फार वेगाने उतरू नये म्हणून त्या असाव्यात, असा त्यांचा समज होता. रोहिण्यांतून नीलांत रक्त जाते तो दुवा हार्वेलाही दिसला नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, माल्पिगी या इटलीच्या वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या.

तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नसताना टाचा वीसपंचवीस वेळा उचलाव्यात, मागच्या कोठीपर्यंत एखादी फेरी मारावी आणि रात्री पायांखाली उशी घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात आणि पायांत आणखी रक्त साचते, म्हणून त्या दिवसांत सूज अधिक जाणवेल. मात्र एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर आतल्या नीलेत गुठळी झालेली असू शकते आणि अशा वेळी पाय चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. सकाळीही न उतरणारी दोन्ही पायांची सूज आणि आडवे पडल्यावर लागणारी धाप ही हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासून घेण्याची लक्षणे आहेत.

प्रश्न : पुस्तकातील आकृतीत नीला निळ्या दाखवतात आणि माझ्या हातावरही त्या निळ्याच दिसतात. शाळेत रक्तगट तपासला तेव्हा बोटातून लाल रक्त आले. मग निळे रक्त कुठे असते?
– नववीची विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : माणसाच्या अंगात कुठेही नसते, ते पाहायचे तर खेकड्याकडे जावे लागेल, कारण त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य प्राणवायू वाहून नेते. ‘नीला’ या नावानेच हा घोटाळा अधिक वाढवला आहे असे मला वाटते. रक्तदान शिबिरात नीलेतूनच रक्त घेतात, तेव्हा एकदा ती पिशवी नीट पाहा : रक्त गडद, काळपट लाल दिसेल, निळे नाही. विश्रांतीच्या वेळी परत येणाऱ्या या रक्तातही सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू शिल्लकच असतो. शीर निळी दिसते ती त्वचेमुळे. त्वचेत शिरलेल्या प्रकाशापैकी लाल भाग खोल जाऊन शिरेतल्या रक्तात शोषला जातो आणि निळा भाग वरूनच अधिक प्रमाणात परत फिरतो.

आकृती पाहताना आणखी एक लक्षात ठेवावे. हृदयापासून दूर जाते ती रोहिणी आणि हृदयाकडे येते ती नीला. रक्ताच्या रंगाशी या नावांचा संबंध नाही. उजव्या बाजूने फुप्फुसांकडे निघणारी रोहिणी प्राणवायू कमी असलेले गडद रक्त नेते, म्हणून पुस्तकात ती निळी छापलेली असते, आणि ती छपाईची चूक नव्हे.