नवीन आहेस ना, मग आधी यादी कर

सगळ्या शाळांचे डिव्हाइस तुझ्याकडे आलेत म्हणतोस, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागायच्या आधी यादी पक्की कर. सिरीयल नंबर, कुठली शाळा, कोणाच्या हातात. स्टिकर झाकणावर नको, खालच्या बाजूला लाव, झाकणावरचं पोरं आठवड्यात नखाने खरवडून काढतात, मी बघितलंय.

क्रोमबुक (गुगलच्या ChromeOS वर चालणारे लॅपटॉप) असतील तर गुगलच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये (जिथून सगळी मशीन एकत्र सांभाळतात ते वेबपेज) फोर्स्ड री-एन्रोलमेंट चालू आहे का ते आजच बघ, ते असलं की कोणी पॉवरवॉश, म्हणजे फॅक्टरी रीसेट, मारला तरी मशीन परत शाळेच्याच डोमेनला, म्हणजे शाळेच्या गुगल खात्याच्या ताब्यात, येतं, आणि हरवलं तर तिथूनच डिसेबल करता येतं. ऑटो अपडेटची शेवटची तारीख पण यादीत टाक. 2021 पासूनच्या मॉडेल्सना 10 वर्षं अपडेट मिळतात, पण ती मोजतात प्लॅटफॉर्म (मॉडेल ज्या हार्डवेअरवर बनलंय ते) बाजारात आल्यापासून, तू विकत घेतल्यापासून नाही, स्वस्तातला जुना स्टॉक घेणारे इथेच फसतात.

सुट्टीत मशीन पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर ठेवू नको, अर्ध्या चार्जवर बंद करून ठेव.

आणि एखादी साइट ब्लॉक करायच्या आधी शिक्षकांना विचार, प्लीज. मी एकदा रविवारी रात्री व्हिडिओ साइट बंद केली आणि सोमवारी पहिल्याच तासाला एक बाई प्रयोगाचा व्हिडिओ दाखवायला उभ्या, समोर वर्गभर पोरं आणि स्क्रीनवर फक्त ब्लॉकचा मेसेज. अजून वाईट वाटतं त्याचं. तेव्हापासून कुठलाही बदल आधी एकाच वर्गावर ट्राय करतो, आणि दोन दिवस आधी सगळ्यांना कळवतो.