वाचकांचे प्रश्न : फोनमधली जागा आणि ‘साफ करा’चं बटण

प्रश्न : आम्ही दोघं अँड्रॉइडसाठी जागा मोकळी करणारं ॲप बनवतोय. उघडताच लाल अक्षरांत ‘४.२ जीबी कचरा’, मधोमध ‘साफ करा’ हे गोल बटण, एका टिचकीत काम. वापरून पाहणाऱ्यांना ते आवडलं, पण त्यांतल्या दोघांचे हवे असलेले फोटो गेले. म्हणून कचरापेटी जोडली, तर आता तक्रार अशी की ‘साफ केलं तरी जागा तेवढीच.’ काय करावं? (पुणे)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. एका बटणाखाली तुम्ही दोन कामं कोंबली आहेत. कॅशे (ॲपने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती) पुसली तर ती पुन्हा तयार होते, फोटो होत नाही. या दोन गोष्टींचे आकडे एकत्र करून ‘४.२ जीबी कचरा’ असं लाल अक्षरांत दाखवणं म्हणजे माणसाला घाबरवून बटण दाबायला लावणं. आकडे वेगळे दाखवा.

आता कचरापेटी. अँड्रॉइड ११ पासून फोटो-व्हिडिओ सिस्टिमच्याच कचरापेटीत टाकता येतात. तिथे फाइल फक्त नाव बदलून ३० दिवस पडून राहते, त्यामुळे जागा खरंच मोकळी होत नाही. तेव्हा काम झाल्यावर ‘१.८ जीबी मोकळे झाले’ असं लिहू नका. ‘१.८ जीबी कचरापेटीत आहेत, ३० दिवसांनी आपोआप जातील’ असं लिहा आणि खाली दोन बटणं द्या : ‘परत आणा’ आणि ‘आत्ताच कायमचं पुसा’. दुसरं बटण हवंच, कारण असं ॲप माणूस बहुधा कॅमेरा ‘जागा नाही’ म्हणून अडून बसला की उघडतो. ‘परत आणा’ मात्र चार सेकंदांत नाहीशा होणाऱ्या पट्टीवर ठेवू नका.

कचरापेटीत टाकताना सिस्टिम स्वतःच परवानगीची चौकट दाखवते. सगळ्या फाइलींची विनंती एकत्र पाठवा, नाहीतर ३४ फोटोंसाठी ३४ चौकटी येतील. तिच्याआधी तुमची ‘खात्री आहे का?’ नको. लागोपाठ दोन चौकटी आल्या की एकही वाचली जात नाही. त्याऐवजी निवडलेल्या फोटोंची लघुचित्रं ठळक दिसतील असा पडदा द्या; बोटाने दाबलं की फोटो मोठा दिसावा. तुम्ही ‘सर्व फाइलींचा ॲक्सेस’ घेतला असेल तर मात्र ही चौकट न येताच फाइल थेट डिलीट करता येते, आणि अशी फाइल कचरापेटीत न जाता कायमची जाते. त्या दोघांचे फोटो बहुधा असेच गेले. कचरापेटी जोडल्यावर जुना डिलीटचा कोड कुठे उरला नाही ना, तेवढं शोधा.

आधीच टिक लावून काय ठेवायचं? इन्स्टॉल होऊन गेलेल्या ॲपच्या एपीके (ॲप इन्स्टॉल करायच्या) फाइली चालतील. डाउनलोड्समधल्या पीडीएफ कधीच नाहीत. सातबारा, आधार, वीजबिल सगळं तिथेच पडलेलं असतं, आणि फाइल सहा महिने उघडली नाही म्हणजे ती नको आहे असं नव्हे.

यादी आकाराप्रमाणे लावा. ४के व्हिडिओचं एक मिनिट फोनप्रमाणे साधारण १७० ते ३५० एमबी खातं. दीडशे केबीची ‘शुभ सकाळ’ची हजार चित्रं पुसली तर १५० एमबी मिळतात. वापरणाऱ्याला हजार टिचक्या मारायला लावण्याआधी तो व्हिडिओ दाखवा.

प्रश्न : क्लीनर ॲप रोज कचरा शोधतं, पुसलं की दोन दिवसांत परत तेवढाच. आता ते ‘ॲक्सेसिबिलिटी’ परवानगी मागतंय. द्यावी का? (सोलापूर)

उत्तर : देऊ नका. रोज परत येते ती कॅशे, म्हणजे चित्रं, व्हिडिओ पुन्हा पुन्हा उतरवावे लागू नयेत म्हणून ॲपने ठेवलेल्या प्रती. पुसल्यावर त्या पुन्हा उतरतात, डेटाही खर्च होतो. जागा फारच कमी झाली की अँड्रॉइड स्वतःच कॅशे काढतं. अँड्रॉइड ६ पासून एका साध्या ॲपला दुसऱ्याची कॅशे परस्पर पुसता येत नाही. म्हणून ही ॲप्स ॲक्सेसिबिलिटी घेऊन तुमच्या वतीने सेटिंग्जमधली बटणं दाबतात. पण त्या परवानगीने पडद्यावरचा मजकूरही वाचता येतो.

हाताने करायचं असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, हवं ते ॲप, स्टोरेज आणि ‘कॅशे साफ करा’. शेजारच्या ‘स्टोरेज साफ करा’ला हात लावू नका. त्याने लॉगिन जातं, आणि यूपीआय ॲप असेल तर सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करावी लागते.

प्रश्न : आमचं ॲप सारख्या फाइली हॅश (फाइलच्या बाइटांवरून काढलेला छोटा सांकेतिक आकडा) जुळवून शोधतं. व्हॉट्सॲपवरून आलेला तोच फोटो सापडत नाही. (नागपूर)

उत्तर : सापडणारही नाही. व्हॉट्सॲप फोटो पुन्हा कॉम्प्रेस करतं, बाइट बदलतात, हॅश जुळत नाही. तंतोतंत प्रतींसाठी आधी आकार, मग पहिले काही केबी आणि शेवटी पूर्ण हॅश हा क्रम ठेवा. बहुतेक फाइली पहिल्याच पायरीवर गळतात. दिसायला सारख्या फोटोंसाठी चित्र ९×८ करड्या ठिपक्यांचं करून शेजारच्या ठिपक्यांची तुलना करा. ६४ बिटांची खूण मिळते. दोन खुणांत पाचेक बिटांपर्यंत फरक असेल तर फोटो सारखे धरा.

इथेच फसगत होते. एवढं लहान केल्यावर वहीची दोन वेगळी पानं किंवा दोन गुणपत्रिका जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणून या यादीला ‘डुप्लिकेट’ म्हणू नका, ‘सारखे दिसणारे’ म्हणा, टिक एकालाही नको, आणि प्रत्येक फोटोखाली आकार व रिझोल्यूशन लिहा. तारखेवरून मूळ फोटो ठरवू नका. व्हॉट्सॲपच्या प्रतीत फोटो काढल्याची वेळ बहुधा उरत नाही.

प्रश्न : मराठीत भाषांतर केल्यावर बटणांवरच्या वेलांट्या कापल्या जातात. (ठाणे)

उत्तर : बटणाची उंची ४८ डीपीला (डीपी हे अँड्रॉइडमधलं पडद्यावरचं माप) बांधलेली असेल. ती किमान उंची ठेवा, मजकूर दोन ओळींत गेला तर बटण वाढू द्या. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा. मग फोनमधला फॉन्ट सर्वांत मोठा करून ‘निवडलेल्या ३४ फाइली कचरापेटीत टाका’ हे पूर्ण वाचता येतं का, ते तपासा.