फाईलमधली ओळ शोधायला रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) कशाला?
अरे साधा शब्दच शोधायचाय ना, मग पायथनमध्ये 'इन' (in) पुरतं की. आणि रीड (read()) मारून अख्खी फाईल मेमरीत ओढू नकोस, सरळ फाईलवरच फॉर लूप लाव, एकेक ओळ येत जाते, मग फाईल दोन जीबीची असली तरी टेन्शन नाही. तुझी ओळ डबल इक्वलने (==, दोन गोष्टी सारख्या आहेत का बघणं) शब्दाशी का जुळत नाहीये माहितीये? ओळीच्या शेवटी (कधीकधी शेवटची ओळ सोडून) न्यूलाईन, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण, चिकटलेली असते, repr() लावून प्रिंट कर, दिसेल लगेच, मग आरस्ट्रिप (rstrip()) करून ती काढून टाक. रेगेक्स लागलंच तर डॉट जपून वापर, तो कुठल्याही एका अक्षराशी जुळतो, म्हणून 1.5 शोधलंस तर 125 पण सापडतं, त्याला एस्केप करावं, म्हणजे आधी बॅकस्लॅश लावावा लागतो. मराठी मजकूर असेल तर ओपनमध्ये (open()) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8 टाकच, नाहीतर विंडोजवर बऱ्याचदा गचकतं. ओळीचा नंबर हवा असेल तर एन्युमरेट (enumerate(), ओळींना क्रमांक देतं) वापर, स्टार्ट 1 देऊन.