आरव्हीमध्ये थँक्सगिव्हिंगचा पूर्ण स्वयंपाक करता येतो का?

आपण विचारले आहे की, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रँड कॅन्यन दरीच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण काठाला, भाड्याच्या आरव्हीने (स्वयंपाकघर असलेल्या राहत्या गाडीने) सहा जण जाणार आहात, त्यांत सासू-सासरे शाकाहारी आहेत आणि मुलांचा हट्ट या सणाला भाजतात त्या टर्की पक्ष्याचा आहे, तर हे सारे त्या इवल्याशा स्वयंपाकघरात जमेल का. आम्ही थँक्सगिव्हिंगला बहुधा आरव्हीतच असतो, त्या अनुभवावरून सांगते की जमते. मात्र अख्ख्या टर्कीचा नाद सोडावा लागतो.

आरव्हीतली गॅसची भट्टी घरच्या ओव्हनपेक्षा बरीच लहान असते. तिचा बर्नर तळाशी असल्यामुळे पदार्थ खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. पिझ्झा भाजण्याची दगडी लादी आत ठेवली आणि भांडे मध्येच एकदा फिरवले, तर आच बरीच सारखी लागते. तरीही बारा-चौदा पौंडांचा पक्षी तीत बसवण्याची खटपट करण्यापेक्षा हाडासकट टर्की ब्रेस्ट, म्हणजे छातीचा तुकडा, घ्यावा. सहा जणांत मांसाहारी चारच असतील, तर पाच-सहा पौंडांचा तुकडा पुरून उरतो. तो गोठलेला असल्यास दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस धरून आधीच फ्रीझरमधून काढून वितळण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवावा. तो शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसून १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सियस दिसल्यावरच भट्टी बंद करावी.

साउथ रिम सुमारे सात हजार फुटांवर आहे. तिथे पाणी ९३ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात बटाटे आणि डाळ शिजता शिजत नाहीत. आपला शिटीचा कुकर इथे खरा कामाला येतो. फक्त घरच्यापेक्षा साधारण पाव पट वेळ जास्त द्यावा. शेगडीला बहुधा तीन बर्नर असतात, पण मोठी भांडी एका वेळी दोनच मावतात, म्हणून क्रॅनबेरी सॉस, स्टफिंगसाठी (टर्कीसोबत खायच्या पावाच्या सारणासाठी) वाळवलेला पाव आणि चिरलेल्या भाज्या घरूनच न्याव्यात. सासू-सासऱ्यांसाठी मश्रूमची ग्रेव्ही आणि वेगळ्या डब्यातले, भाजीच्या पाण्यात भिजवलेले स्टफिंग केले, की बटाटे, फरसबी आणि सॉस यांसह त्यांचेही ताट भरते. त्यांना नुसत्या वरणभातावर बसवणे मला तरी बरे वाटत नाही. आशियाई दुकानात मिळणारी ब्यूटेनची सुटी शेगडी जादा म्हणून नेण्याचा मोह होईल. परंतु ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास वायुरूप होणेच थांबते आणि तिथली नोव्हेंबरची रात्र त्याहून थंड असते. आरव्हीच्या टाकीतल्या प्रोपेनला ही अडचण येत नाही.

विजेचा हिशेब मात्र आधीच मांडून ठेवावा. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी हवी असेल, तर ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ट्रेलर व्हिलेज या आरव्ही-तळावर जागा घ्यावी लागते. शेजारच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये या जोडण्या नाहीत. तीस अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट. त्यात १५०० वॅटचा हीटर, तेवढीच वीज खेचणारा मायक्रोवेव्ह आणि १००० वॅटचा इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) एकदम लावले, तर ब्रेकर पडणारच. जेवण होईपर्यंत हीटर बंद ठेवावा. शेगडी आणि भट्टीमुळे आत ऊब येतेच, पण त्याच कारणाने छताची झडप आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. केवळ ऊब मिळावी म्हणून भट्टी कधीही पेटवू नये.

रात्री पाण्याची नळी गोठते. त्यामुळे दुपारीच गाडीची टाकी भरून नळी काढून ठेवावी. टर्कीची चरबी सिंकमध्ये ओतू नये. ती सांडपाण्याच्या टाकीत थिजून वास मारते. ताटे आधी कागदाने पुसून मगच विसळावीत. उरलेले मांस दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून उथळ डब्यांत भरावे, कारण गॅसवर चालणारा फ्रिज सावकाश थंड करतो आणि गाडी सपाट जागी उभी नसेल तर नीट चालतही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पुलाव फार छान होतो.