सोळा वर्षांच्या भावाला कापड दुकानात रात्री साडेनऊपर्यंत थांबवतात, चालतं का?

अजिबात नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर ठेवायला १९८६ च्या बालकामगार कायद्यानेच बंदी आहे. सलग तीन तासांनंतर तासभर सुट्टी, आणि सुट्टी धरून दिवसाचे सहाच तास. ओव्हरटाइमही नाही. बेळगावच्या खडेबाजारात गणपती-दिवाळीच्या सीझनला हे कोण पाळतं म्हणा! पण मालकाचं 'पोरगं स्वखुशीनं थांबतंय' कायद्यात टिकत नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागाच. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) जास्त पगार मिळतो म्हणून तिकडे धाडू नका, ते काम धोकादायक यादीत आहे, अठराच्या आत बंदच. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला चालतो. तक्रार कामगार खात्यात, नाहीतर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर.