हक्क कुणाचे, ते आधी बघ

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्लॅन नीट वाचला. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आणि जत्रांमधली कुस्तीची मैदानं एका ॲपवर, महिना ९९ रुपये. त्यासाठी पुण्यातली नोकरी सोडायची म्हणतेस. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठांमध्ये काय वातावरण असतं ते मी वर्षानुवर्षं बघतोय, त्यामुळं प्रेक्षक आहेत का, याबद्दल मला शंका नाही. मला काळजी आहे ती सामना संपल्यावर तुझ्या हातात काय उरणार याची.

आधी मोठ्यांचं काय झालं ते बघ. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे भारतातले डिजिटल हक्क व्हायकॉम१८ नं २०,५०० कोटींना घेतले. तोवर ते सामने हॉटस्टारवर दिसायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हॉटस्टारचे ६ कोटी १३ लाख सबस्क्रायबर होते, जुलै २०२३ पर्यंत ४ कोटी ४ लाख उरले. मधल्या काळात एचबीओच्या मालिकाही तिथून गेल्या, म्हणून सगळं खापर क्रिकेटवर फोडायला नको. तरी दोन कोटी माणसं नऊ महिन्यांत उठून गेली. ती ॲपची गिऱ्हाइकं नव्हतीच, आयपीएलची होती.

आणि ज्यानं हक्क जिंकले त्यानं काय केलं? व्हायकॉम१८ च्याच जिओसिनेमा ॲपनं २०२३ ची आयपीएल फुकट दाखवली. ज्या घरात मोबाइलचं नेटवर्क आहे त्याला सामना हे रिचार्ज खपवायचं साधन आहे, सामन्यावर पैसे नाही सुटले तरी त्याचं भागतं. शेवटी दोन्ही घरं एक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. तुझ्यामागं असं दुसरं दुकान नाही. तुला सामन्यावरच पोट भरायचंय.

फ्रान्सची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिथल्या फुटबॉल लीगचे हक्क मीडियाप्रो नावाच्या कंपनीनं वर्षाला ८० कोटी युरोंहून जास्त बोलीवर घेतले, आणि २०२० मध्ये काही महिन्यांतच पैसे थकले. पुढं २०२४ मध्ये डॅझन हे खेळ दाखवणारं ॲप आलं, तेही एका हंगामात बाहेर पडलं. मग २०२५ मध्ये लीगनं स्वतःचंच चॅनल काढलं. हक्क भाड्यानं घेऊन सामने दाखवणं म्हणजे खंडानं घेतलेलं रान आहे. पीक बुडालं तर नुकसान तुझं, आणि भरघोस आलं तर पुढच्या वर्षी मालक खंड वाढवतो. आपल्याकडं प्रो कबड्डीत स्टारनं हे ओळखलं आणि लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्येच ७४ टक्के हिस्सा घेतला. कबड्डी लोकप्रिय झाली तशी त्या हिश्श्याची किंमतही वाढली.

आता तुझ्या शीटवर येतो. तू ९९ गुणिले ग्राहक असा सरळ हिशेब मांडलायस. ९९ रुपयांत जीएसटी धरलेला असेल तर १८ टक्क्यांनी त्यातले १५ रुपये सरकारचे. मग ॲप स्टोअरचं कमिशन, पेमेंटचा खर्च, आणि मग तालमींचा वाटा. शिवाय मी जन्मभर केबलचा धंदा केला, म्हणून एक फरक मला लगेच दिसतो. केबलवर एकच सिग्नल असतो, शंभर घरं बघोत की दहा हजार, माझा खर्च तेवढाच. तुझ्याकडं प्रत्येक माणसाला वेगळी प्रत पाठवावी लागते. दीड एमबीपीएसचं चित्र दोन तास चाललं की माणशी साधारण १.३५ जीबी. फायनलला दहा हजार लोक आले तर साडेतेरा टीबी, आणि ते सगळे किक-ऑफच्या त्याच मिनिटाला दार ठोठावणार. गर्दी वाढली की केबलवाला खूश होतो, तुला मात्र त्याच दिवशी बिल येतं. हा खर्च शीटमध्ये एका ओळीत, अंदाजानं टाकलायस. तो प्रेक्षकागणिक मांड.

दुसरं, पाऊस. फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्याबरोबर संपतो. जत्रांची मैदानं बहुतेक पाडव्यानंतर. मृग लागला की दोन्ही बंद, आणि माणूस सगळ्यात आधी तुझेच ९९ रुपये बंद करणार. म्हणून महिन्याची वर्गणी नकोच. फॅनकोड हे खेळांचं ॲप सामन्याचा आणि दौऱ्याचा पास विकतं, तसा तू हंगामाचा पास विक, पैसे हंगामाआधी घे. कायमची माणसं चारच ठेव, कॅमेरावाले दिवसाच्या बोलीवर. पण त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव. चैत्र-वैशाखात मैदानं असतात तेव्हाच लग्नसराई असते, आणि तेच कॅमेरावाले हळदीच्या ऑर्डरी घेऊन बसलेले असतात.

फँटसी गेमच्या जाहिरातींचं उत्पन्न शीटमधून काढून टाक. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्या जाहिराती आता येणार नाहीत. तुझा खरा जाहिरातदार गुजरीतला सराफ आहे, ट्रॅक्टरचा डीलर आहे, बोर्डिंगसह क्लास चालवणारा आहे. त्याला आकडे नकोत, दुकानात येऊन कुणी ‘मॅचमध्ये तुमची जाहिरात बघितली’ म्हणालं पाहिजे.

कुस्तीत तर तुझ्या लक्षात न आलेला पैसा आहे. मैदानात निकाली कुस्ती झाली की प्रेक्षकांतून कुणीतरी उठतो आणि पैलवानाला पाचशे, हजाराचं बक्षीस लावतो. निवेदक माइकवर नाव पुकारतो, हलगी वाजते, आणि त्या माणसाची मान गावात उंच होते. तोच माणूस आज नोकरीसाठी दुबईत किंवा चाकणला असेल. त्याला तिथून बक्षीस लावता आलं आणि खासबागेत त्याचं नाव पुकारलं गेलं, तर तो पासही घेईल आणि चार मित्रांनाही घ्यायला लावेल. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान असं रचलंय की कुठंही बसा, कुस्ती दिसते. तिथं बसता न येणाऱ्याला तू जागा देतेयस, असं धरून काम कर. बक्षिसातून मात्र एक पैसाही कापू नकोस. पूर्ण रक्कम पैलवानाला गेली पाहिजे, नाहीतर वस्ताद तुला पुन्हा आखाड्यात उभं करणार नाहीत.

आणि यूट्यूबशी भांडू नकोस. आपले सामने तिथं फुकट दिसतात, ते दिसत राहणारच. तिथं दिसत नाही ते तुझ्याकडं असू दे: दोन-तीन कॅमेरे, गोलचा रिप्ले, जुन्या सामन्यांचा खजिना. हा खजिना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एखाद्या पोराची चौदा वर्षांखालच्या स्पर्धेपासूनची सगळी चित्रं तुझ्याकडं असली आणि पुढं ते आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखं भारताकडून सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपला उतरलं, तर ती दुसऱ्या कुणाकडंही नसतील. पावसाळ्यातही लोक तीच बघायला येतील.

म्हणून नोकरीचा राजीनामा देण्याआधी तालमींना आणि फुटबॉल संघटनेला भेट. एका वर्षाचे हक्क पैसे मोजून मागू नकोस. कंपनीत त्यांना हिस्सा दे आणि त्या बदल्यात किमान सात वर्षांचे हक्क माग. चित्रीकरणाची मालकी दोघांची, हे कागदावर स्पष्ट लिहून घे. पहिल्या बैठकीला एकटी जाऊ नकोस, मी येतो. तिथले बरेच जण मला केबलच्या दिवसांपासून ओळखतात, आणि ते पहिला प्रश्न पैशांचा नाही, ‘स्टेडियमवर कोण येणार मग?’ हा विचारतील. घरच्या सामन्याला तिकिटाबरोबर पास फुकट, हे माझं उत्तर आहे. तुला त्याहून चांगलं सुचलं तर कळव.

तुझा,
काका