घरी डिफ लॉकर बसवू का?

प्रश्न : सोलापूरजवळ शेत आहे, पावसात काळ्या मातीत माझ्या फोर बाय फोरचं मागचं एकच चाक गरगर फिरतं, डिफ लॉकर (डिफरन्शियलमध्ये बसून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) घरी बसवता येईल का?

उत्तर : येईल की, पण कुठला त्यावर आहे सगळं. लंचबॉक्स लॉकर (आपोआप लॉक होणारा छोटा संच) जुन्याच कॅरियरमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या फिरत्या घरात, स्पायडर गिअरच्या (आतल्या छोट्या गिअरच्या) जागी बसतो, क्राऊन-पिनियनचं (चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरजोडीचं) सेटिंग सहसा हलत नाही, त्यामुळे हा घरी जमतो. कॅरियर काढावा लागला तर बेअरिंग कॅपवर (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या टोप्यांवर) डावी-उजवी खूण आधी कराच, अदलाबदल अजिबात चालत नाही. एअर लॉकरला (हवेच्या दाबाने लागणाऱ्या) मात्र अख्खा कॅरियर बदलतो, मग शिम (पातळ चकत्या) टाकून डायल गेजवर मोजत बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक, नीट बसवावी लागते, ते चुकलं तर दात जातात, म्हणून ते जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका हो, स्टँड लावाच!